आरोग्य-नियमावरून नोकरी जात असेल तर: आदेश हातात पडल्यापासून दावा दाखल होईपर्यंत

मास्क, चाचणी, लस, विलगीकरण यांपैकी कशावरून तरी कामावरून काढलेले बहुतेक लोक पहिल्या दिवसापासून चुकीचा वाद घालतात. लस चांगली की वाईट, साथ खरी की फुगवलेली, यात कामगार न्यायालयाला रस नसतो. तिथे तीन गोष्टी तपासल्या जातात: आदेश कायदेशीर आणि वाजवी होता का, तुम्ही त्यावर लेखी काय म्हणालात, आणि काढण्याआधी चौकशी झाली का. या तिन्हींचे कागद नोकरी जाण्याच्या आधीच तयार होतात किंवा तयार व्हायचे राहून जातात.

पुढचा क्रम महाराष्ट्रातल्या खासगी कारखाना, दुकान, रुग्णालय किंवा कार्यालयात काम करणाऱ्यांसाठी आहे. सरकारी कर्मचाऱ्याचा रस्ता वेगळा: आधी खात्यात अपील, मग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण (मॅट). तिथे साधारणपणे अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते.

टप्पा १: आपण ‘कामगार’ आहोत का, ते आधी ठरवा

पदनामावर जाऊ नका. ‘एक्झिक्युटिव्ह’, ‘असिस्टंट मॅनेजर’ असे कार्ड असले तरी दिवसभर हाताने, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा माणूस कायद्याने कामगार ठरू शकतो. उलट खरोखर माणसे नेमणारा, रजा मंजूर करणारा, शिक्षा देणारा व्यवस्थापक कामगार नाही. देखरेखीचे काम असेल तर पगार बघतात. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ही मर्यादा महिना १०,००० रुपये होती, त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नोकरी त्याआधी गेली की नंतर, यावर मुदती बदलतात, म्हणून तारीख आत्ताच टिपून ठेवा.

व्यवस्थापक वर्गातल्या माणसाला कामगार न्यायालयाचे दार बंद. त्याने नेमणूकपत्रातली नोटिशीची अट काढून वाचावी. त्याचा दावा दिवाणी न्यायालयात आणि मुख्यतः पैशांचा असतो, नोकरी परत मिळण्याचा नाही.

कंत्राटदाराकडून आलेल्यांनी आणखी एक पाहावे: पगाराची पावती आणि पीएफ कोणाच्या नावाने आहे. मूळ कंपनी ‘हा आमचा माणूसच नाही’ म्हणणार हे धरून चाला.

तपासा: नेमणूकपत्र, शेवटच्या बारा महिन्यांच्या पगारपावत्या, हजेरीचा पुरावा, ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंचा फोटो. हे सगळे घरी, कंपनीच्या ईमेलबाहेर ठेवा. नोकरी गेली की पहिल्या तासात ईमेल बंद होतो.

टप्पा २: आदेश कोणाचा आहे ते शोधा

बहुतेकांची खरी चूक इथे होते. ‘कंपनीने सांगितले’ आणि ‘शासनाने सांगितले’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ किंवा साथरोग कायदा १८९७ यांखाली राज्याने, जिल्हाधिकाऱ्याने किंवा महापालिका आयुक्ताने काढलेला आदेश मालकालाही बांधतो. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. असा आदेश चालू असताना मास्क न लावणाऱ्याला आत घेतले तर मालकच अडकतो. अशा वेळी मालकाला ‘तुमचा आदेश बेकायदा’ म्हणणे म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणे. आदेशालाच हरकत असेल तर उच्च न्यायालय.

मालकाचा स्वतःचा नियम असेल तर प्रश्न वेगळा. आदर्श स्थायी आदेशांत (शिस्त आणि सेवाशर्तींच्या सरकारी नमुना नियमांत) गैरवर्तन म्हणून जे लिहिले आहे ते ‘वरिष्ठाच्या कायदेशीर आणि वाजवी आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा’ असे आहे. त्यात तीन शब्द आहेत आणि तिन्ही मालकाला सिद्ध करावे लागतात: कायदेशीर, वाजवी, हेतुपुरस्सर.

नियमाचा प्रकारही वेगळा करून पाहा.

लशीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २ मे २०२२ चा निकाल आहे, जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार. शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो, कोणालाही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही, असे त्यात म्हटले. लस न घेतलेल्यांकडून संसर्ग जास्त पसरतो हे दाखवणारी माहिती समोर आलेली नसल्याने त्या वेळी घातलेले निर्बंध प्रमाणाबाहेरचे आहेत, असेही म्हटले, आणि खासगी संस्थांनीही आपले नियम पुन्हा तपासावेत असे सुचवले. पण हा निकाल खिशात ठेवून ‘आता मला कोणी हात लावू शकत नाही’ असे समजणारे हमखास तोंडावर आपटतात. संसर्गाचे प्रमाण कमी आहे तोवर, अशी अट त्या निरीक्षणाला जोडलेली आहे. मास्क, अंतर यांसारख्या इतर नियमांना हे लागू नाही, हेही निकालातच स्पष्ट लिहिले आहे.

मास्क, हात धुणे, तापमान मोजणे, ताप असताना न येणे यांना नकार देऊन नोकरी वाचवणे जवळपास अशक्य. शरीरात काही टोचले जात नाही, त्रास थोडा, कारण उघड. इथे लढायला जागा उरते ती वैद्यकीय कारणाला किंवा शिक्षेच्या प्रमाणाला. एका दिवसाच्या मास्कवरून बारा वर्षांची नोकरी घालवणे हे प्रमाणाबाहेर आहे, असा मुद्दा मांडता येतो.

चाचणी या दोहोंच्या मध्ये बसते. खर्च कोणाचा, किती दिवसांनी, अहवाल कोण पाहणार, यांवर ती वाजवी की अवाजवी ते ठरते.

आणि तारीख. महाराष्ट्रातले कोविडचे निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठले. त्यानंतरच्या पत्रात ‘शासनाच्या आदेशानुसार’ एवढेच लिहिलेले असेल तर कोणता आदेश, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

सावधान: अतिदक्षता विभाग, वृद्धाश्रम, नवजात शिशू कक्ष अशा ठिकाणी ‘वाजवी’चा काटा मालकाकडे झुकतो. गोदामात एकट्याने काम करणाऱ्याचा युक्तिवाद परिचारिकेला चालणार नाही.

टप्पा ३: ‘नाही’ म्हणू नका, लिहून विचारा

साहेबाच्या केबिनमध्ये ‘मी घेणार नाही, काय करायचे ते करा’ असे म्हणणाऱ्याने ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द मालकासाठी स्वतःच सिद्ध करून दिलेला असतो. त्याऐवजी आदेश मिळाल्यापासून दोन-तीन दिवसांत एका पानाचे पत्र द्या. मजकूर साधारण असा:

‘दि. … चा आदेश मला दि. … रोजी मिळाला. तो कोणत्या शासकीय आदेशानुसार काढला आहे त्याची प्रत मिळावी. माझ्या कामाच्या जागी हा नियम का आवश्यक आहे, ते कळवावे. मला … ही वैद्यकीय अडचण आहे, प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. आपला निर्णय होईपर्यंत मी मास्क लावून, दर आठवड्याला चाचणी करून किंवा दुसऱ्या पाळीत अथवा विभागात काम करण्यास तयार आहे.’

शेवटचे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे. पर्याय तुम्ही दिला आणि मालकाने तो पाहिलाही नाही, हे पुढे तुमच्या बाजूने सर्वात जड कागद ठरते. पण पर्याय खरा द्या. यंत्रावर काम करणाऱ्याने घरून काम मागितले तर पत्राची किंमत जाते.

वैद्यकीय प्रमाणपत्र ‘रुग्णास विश्रांतीची गरज’ छापाचे नको. त्यात कोणता त्रास किंवा ॲलर्जी आहे, नेमक्या कोणत्या गोष्टीला मनाई आहे, किती काळासाठी, आणि काम करण्यास माणूस सक्षम आहे का, या चार गोष्टी हव्यात, शिवाय डॉक्टरचा नोंदणी क्रमांक. आदेश आल्यानंतर ओळखीच्या डॉक्टरकडून मागच्या तारखेचे पत्र आणणे सरळ फसवणूक आहे. उलटतपासात दवाखान्याची नोंदवही मागितली की ते उघडे पडते, आणि मग आरोपपत्रात एक गंभीर आरोप वाढतो.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: सही, शिक्का, तारीख. पोच देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावतीबरोबर वेबसाइटवरची पोहोचल्याची नोंद छापून ठेवा. ती नोंद काही काळाने दिसेनाशी होते.

टप्पा ४: गेटवर अडवले तर

आरोग्य-नियमांच्या प्रकरणांत बडतर्फी पत्राने सुरू होतच नाही, ती गेटवर सुरू होते. सुरक्षारक्षक म्हणतो, ‘प्रमाणपत्र नाही, साहेबांनी सांगितलंय, आत सोडू नका.’ माणूस घरी जातो. दोन दिवस जातो-येतो, मग जाणे सोडतो. पंधरा दिवसांनी पत्र येते: ‘आपण विनापरवानगी गैरहजर आहात.’ लशीचा, चाचणीचा विषयच त्या पत्रात नसतो. आदर्श स्थायी आदेशांनुसार रजेशिवाय सलग दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी हे स्वतंत्र गैरवर्तन आहे, आणि मालकाला ते सिद्ध करायला फक्त हजेरीपट पुरतो.

म्हणून रोज जा. पाळी सातची असेल तर पावणेसातला. अडवले की गेटजवळूनच एचआर आणि विभागप्रमुख दोघांना ईमेल किंवा व्हॉट्सॲप:

‘आज दि. …, सकाळी ६.५० वाजता पहिल्या पाळीसाठी गेट क्र. २ वर हजर झालो. प्रमाणपत्र नसल्याचे कारण सांगून आत सोडले नाही. मी कामावर येण्यास तयार आहे. माझी गैरहजेरी लावू नये.’

रोज एक संदेश, रोज नवी तारीख, शिव्या नाहीत, लांब भाषण नाही. सोबत कोणी सहकारी असेल तर त्याचे नाव स्वतःच्या वहीत लिहा, संदेशात नको. त्याला आत जाऊन काम करायचे असते. आठवड्याच्या शेवटी सगळ्या तारखा एकत्र करून एक स्पीड पोस्ट.

डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा निकाल नेमका याच प्रसंगाचा आहे. आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिला म्हणून स्थायी आदेशाचा आधार घेऊन नाव कमी केले होते. कामगाराचे म्हणणे होते, रोज येत होतो, गेटवर अडवत होते. चौकशी न करता नोकरी संपवणे नैसर्गिक न्यायाविरुद्ध आहे असे न्यायालयाने ठरवले आणि निम्म्या मागील पगारासह (म्हणजे कामाबाहेर ठेवलेल्या काळाच्या पगारासह) कामावर घ्यायला लावले. निम्म्याच.

चाचणी पॉझिटिव्ह आल्याने घरी राहिलेल्यांनाही हेच लागू. अहवाल ज्या दिवशी आला त्याच दिवशी पाठवा, विलगीकरण संपले की तब्येत ठीक असल्याचे प्रमाणपत्र घेऊन हजर व्हा. अहवाल महिनाभराने दाखवणारा स्वतःच्या हाताने केस कमकुवत करतो.

टप्पा ५: राजीनाम्याचा कागद

याच आठवड्यांत केव्हातरी केबिनमध्ये बोलावणे येते. ‘बडतर्फ झालास तर कुठे नोकरी मिळणार नाही, राजीनामा दे, हिशेब लगेच देतो.’ सही केली की पुढचे सगळे टप्पे जवळपास संपले. राजीनामा दबावाखाली घेतला हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो, आणि दिलेला धनादेश वटवलेला असेल तर तो भार फार जड होतो.

सही झालीच असेल तर तासाभरात, निदान त्याच दिवशी, ‘दबाव टाकून सही घेतली, राजीनामा मागे घेत आहे’ असा ईमेल आणि स्पीड पोस्ट. आठवड्याने पाठवलेले असे पत्र कोणी मनावर घेत नाही.

तपासा: ‘मी स्वेच्छेने’, ‘पूर्ण व अंतिम हिशेब’, ‘काहीही तक्रार नाही’ यांपैकी काहीही असलेल्या, तसेच कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही नको. पगार घेताना सही करावीच लागली तर सहीवर ‘हक्क राखून, हरकतीसह’ लिहा.

टप्पा ६: कारणे दाखवा नोटीस, आरोपपत्र, निलंबन

नोटिशीतली उत्तराची मुदत मोजा. ४८ तास दिले असतील तर उत्तर टाळू नका, मुदतवाढ मागणारे दोन ओळींचे पत्र ४८ तासांच्या आत पोहोचवा. उत्तरात प्रत्येक आरोपाला क्रमांकानुसार उत्तर हवे. आरोप मोघम असेल (‘कंपनीच्या कोविड धोरणाचे वारंवार उल्लंघन’) तर तारीख, वेळ, जागा आणि धोरणाची प्रत मागा. ‘चूक झाली, माफ करा’ असे माणुसकीच्या भरात लिहू नका. पुढे तो कबुलीजबाब म्हणून वाचला जातो.

निलंबित केले असेल तर निर्वाह भत्ता पहिल्या ९० दिवसांसाठी पगाराच्या ५० टक्के, त्यानंतर चौकशी तुमच्यामुळे लांबलेली नसेल तर ७५ टक्के. नव्या संहितेनुसार निलंबनापासून साधारण ९० दिवसांत चौकशी संपवायची आहे. भत्ता मिळत नसेल तर दर महिन्याला लेखी मागा. पैशांअभावी चौकशीला येता आले नाही, हा बचाव मागणीची पत्रे असतील तरच टिकतो.

टप्पा ७: चौकशीला बसा

‘सगळे ठरवूनच केलंय, मी जाणार नाही’ ही सगळ्यात महाग पडणारी चूक. चौकशी अधिकारी दोन तारखा देतो, तिसऱ्या तारखेला एकतर्फी चालवतो आणि प्रक्रिया योग्य झाल्याचा कागद मालकाला मिळतो. चौकशी पक्षपाती वाटत असेल तर तिथे बसून तसे नोंदवून घ्या.

पहिल्याच बैठकीत लेखी मागा: कागदपत्रांच्या प्रती, साक्षीदारांची यादी, युनियनचा प्रतिनिधी किंवा सहकारी सोबत ठेवण्याची परवानगी, आणि कामकाज मराठीत. प्रत्येक पानाची प्रत त्याच दिवशी घ्या. नोंद चुकीची असेल तर सही करण्याआधी तिथेच हाताने लिहा: ‘माझे हे उत्तर नोंदवलेले नाही.’

मालकाच्या साक्षीदाराला आरोग्य-नियमाबाबत विचारायचे प्रश्न साधे, छोटे आणि हो-नाही उत्तराचे हवेत. हा नियम सूचना फलकावर कोणत्या तारखेला लागला? मराठीत होता का? कंत्राटी कामगार, वाहनचालक, बाहेरून येणारे यांना तो लागू होता का? त्या महिन्यात नियम न पाळलेले आणखी किती जण होते, त्यांतल्या कितींवर कारवाई झाली? माझे दि. … चे पत्र मिळाले का? त्यातल्या पर्यायावर कोणी, कधी निर्णय घेतला? बहुतेक प्रकरणांत शेवटच्या दोन प्रश्नांना साक्षीदाराकडे उत्तर नसते. ‘लस सुरक्षित आहे हे तुम्ही सिद्ध करा’ असले प्रश्न विचारू नका. एचआरचा माणूस शास्त्रज्ञ नाही, आणि त्या वादात तुमचे चांगले मुद्दे बुडतात.

अहवाल आला की त्याची प्रत मिळण्याचा आणि त्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. त्या म्हणण्यात शिक्षा कमी करण्याची कारणेही लिहा: किती वर्षे नोकरी, आधी शिक्षा झाली नसल्यास तसे, घरचा एकटा कमावता असल्यास तेही.

महाराष्ट्रात एक वाट अनेकांना ठाऊक नसते. बडतर्फीची पावले पडू लागली की, आदेश हाती येण्याची वाट न पाहता, एमआरटीयू-पीयूएलपी कायदा १९७१ (कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा) याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार करता येते. सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थान लीव्हर विरुद्ध अशोक विष्णू काटे या १९९५ च्या प्रकरणात हे मान्य केले आहे. मात्र मालक-कामगार नातेच नाकारले जात असेल, तर ही वाट सहसा चालत नाही.

टप्पा ८: आदेश हाती आल्यावर

आधी आदेशाची भाषा वाचा. दोन प्रकार असतात.

आरोप ठेवून काढले असेल तर ती बडतर्फी. चौकशी झाली का, शिक्षा प्रमाणात आहे का, यावर लढा.

कारण न देता ‘आपल्या सेवेची आवश्यकता नाही’ एवढेच लिहिले असेल आणि तुम्ही वर्षभरात २४० दिवस भरले असतील, तर कायद्याच्या नजरेत ती बहुधा कामगार कपात. मग एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार काढतानाच द्यावा लागतो. तो न देता काढले तर आदेशच टिकत नाही. प्रोबेशनवरच्यांनी पत्रात कलंक लावणारे वाक्य आहे का ते पाहावे. असेल तर चौकशीशिवाय काढले, हा मुद्दा त्यांनाही मिळतो.

मग क्रमाने:

१. कामावर परत घ्या, सलग सेवा धरा, मागील पगार द्या, असे मागणीपत्र कंपनीला. उत्तरासाठी सात ते पंधरा दिवस पुरे.

२. अनुचित प्रथेची तक्रार करायची असेल तर ९० दिवस. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवावे लागते. इथेच सर्वाधिक मुदती चुकतात, कारण माणूस ‘साहेबांशी बोलणी चालू आहेत’ म्हणत थांबतो.

३. दुसरी वाट समेटाची: कामगार आयुक्त कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज. नव्या संहितेत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी प्रकरण हाती घेऊ शकत नाही, आणि समेट फिसकटल्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. जुन्या कायद्यात थेट अर्जाची मुदत काढल्यापासून तीन वर्षे होती. समेटाच्या बैठकीत वकील चालत नाही. युनियनचा पदाधिकारी न्या किंवा स्वतः बोला, आणि बोलायचे आहे ते एका पानावर लिहून न्या.

सावधान: एकाच बडतर्फीसाठी दोन्ही वाटांवर एकदम चालता येत नाही. वकील किंवा युनियनशी बोलून एक निवडा, मग अर्ज करा.

टप्पा ९: पैसे आणि मधला काळ

वेतन संहितेनुसार काढल्यापासून कामाच्या दोन दिवसांत शिल्लक पगार द्यायचा असतो. पाच वर्षे झाली असतील तर ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. ‘बडतर्फ झालास म्हणून ग्रॅच्युइटी नाही’ हे खपवून घेऊ नका. ती जप्त करता येते ती मालमत्तेचे नुकसान, मारहाण-दंगा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा यांवरून. चाचणी न केल्यावरून नाही. कायदेशीर देणी बँकेत जमा झाली तर त्याच दिवशी कळवा: ‘रक्कम हरकतीसह स्वीकारली, बडतर्फी मान्य नाही.’

मागील पगाराबाबत दीपाली गुंडू सुरवसे या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, काढणे चुकीचे ठरले तर पूर्ण मागील पगार हा सर्वसाधारण नियम, असे म्हटले. पण त्यासाठी ‘मधल्या काळात मला कमाईची नोकरी नव्हती’ असे कामगाराने अर्जात किंवा शपथेवर सांगायला हवे. अर्जात हे वाक्य विसरले जाते आणि नोकरी परत मिळूनही पगार हातचा जातो. पोटासाठी मिळेल ते काम करावेच लागते. ते लपवू नका, कुठे, किती दिवस, किती मिळाले ते वहीत लिहा आणि शपथपत्रात तेच सांगा. कुठे कुठे अर्ज केले, मुलाखतींचे ईमेल, नकाराची पत्रे हेही त्याच फायलीत लावा.